नगरपालिकेचे कर्मचारी आपल्या जिममध्ये कसे येतील

इथे बसलेल्या बहुतेकांची एकच जिम आहे, स्वतःची, सकाळी शटर आपणच उघडायचं आणि रात्री शेवटचं डंबेल पण आपणच जागेवर ठेवायचं, त्यामुळे मी काही कॉर्पोरेट टाय-अपच्या स्लाइड्स आणलेल्या नाहीत. मला बोलायचंय ते आपल्या शेजारच्या एम्प्लॉयरबद्दल. कुठल्याही गावात शहरात बघा, आपल्या जिमच्या आसपास सगळ्यात जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्यांमध्ये नगरपालिका किंवा कौन्सिल असतेच, आणि खाजगी कंपनीसारखी ती उद्या गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात जात नाही. तरी आपल्यातले फार थोडे तिथे जातात, आणि जे जातात ते डिस्काउंटचं पत्रक घेऊन जातात.

मी पण तसाच गेलो होतो. आस्थापना विभागातल्या अधिकाऱ्यांना भेटलो, चांगली माणसं होती, स्टाफला वार्षिक मेंबरशिपवर सवलत असं ठरलं, परिपत्रक निघालं, नोटीस बोर्डावर लागलं आणि मी खूश. पहिल्या महिन्यात थोडी गर्दी झाली, तिसऱ्या महिन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक उरले, आणि मग ज्या अधिकाऱ्यांनी हे सगळं केलं त्यांची बदली झाली आणि नवीन आलेल्यांना फाइल कुठे आहे हेच माहीत नव्हतं. बरेच दिवस मी त्या ऑफिसला नावं ठेवत होतो. पण खरं कारण माझ्याकडेच होतं, मी त्या सगळ्या काळात एकाही कर्मचाऱ्याला विचारलं नव्हतं की तुझी ड्युटी सुटते किती वाजता.

आता ही ड्युटीची गोष्ट का महत्त्वाची ते सांगतो. आपल्या धंद्याचा पाया म्हणावा असा एक अभ्यास सरकारी नोकरांवरच झालाय. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, 1953 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एकच बस, एकच खातं, पगार आणि राहणीमान साधारण सारखं, फरक इतकाच की ड्रायव्हर जवळपास पूर्ण शिफ्ट बसून आणि कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि झाला तरी तो उशिरा आणि कमी जीवघेणा. पुढे कोणीतरी म्हणालं की ड्रायव्हर मुळातच जाड होते, तर मॉरिसनी गणवेशाच्या कमरेची मापं काढून ते पण तपासलं, आणि ड्रायव्हर जाड होते हे खरंच निघालं, पण बारीक ड्रायव्हरांनाही तेवढ्याच कमरेच्या कंडक्टरांपेक्षा जास्त धोका होता. म्हणजे एकाच संस्थेत, एकाच गाडीवर काम करणाऱ्या दोन माणसांची शरीरं वेगळी घडतात. आणि आपण त्या सगळ्यांना एकच पत्रक देतो!

म्हणून पहिलं काम, अधिकाऱ्यांची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी, नुसतं बघायचं. ही संस्था म्हणजे आठ दहा वेगवेगळ्या नोकऱ्यांचं गाठोडं असतं. टॅक्स आणि जन्ममृत्यू नोंदणीचे क्लार्क दिवसभर खुर्चीत, त्यांची मान आणि कंबर गेलेली. पाणीपुरवठ्याचे लोक वाकून, उकिडवे बसून व्हॉल्व्ह फिरवणारे. बागेचा स्टाफ उन्हात. सफाईवाले पहाटे सुरू करून दुपारी मोकळे. फायर ब्रिगेड चोवीस तासांच्या पाळीत. आता मला सांगा, आपली जिम दुपारी एक ते चार काय करते? बहुतेकांची रिकामी असते, लाइट आणि भाडं मात्र चालू. सफाई खात्याचा माणूस नेमका तेव्हा मोकळा असतो. हे जुळवून घेणं जिमच्या मोठ्या चेनला अवघड जातं कारण त्यांचं टाइमटेबल वरून ठरून येतं, तुम्ही मात्र उद्यापासून बदलू शकता. आपली खरी ताकद इथे आहे, मशीनच्या बाबतीत आपण त्यांच्याशी कधीच स्पर्धा करू शकणार नाही.

एक प्रसंग सांगतो. मी एकदा पहाटे कचरागाड्यांच्या डेपोवर गेलो, सुपरवायझरची परवानगी घेऊन, बरोबर फक्त एक काठी. झाडूचा दांडा असतो तेवढीच. एका माणसाला म्हटलं ही पाठीवर उभी धर, एक हात मानेमागे, एक हात कंबरेमागे, काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला. आता वाक. तो वाकला आणि काठी लगेच खालून सुटली, कारण तो कंबरेतून गोल होऊन वाकत होता, रोज शेकडो वेळा तसाच वाकत असणार. मग म्हटलं गुडघे थोडे सैल सोड आणि दार ढकलतोयस असं समजून बूड मागे ने. तिसऱ्या वेळी काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली आणि तो तसाच थांबला आणि म्हणाला, मांडीच्या मागे ओढ बसतेय, कंबरेत नाही. बस, एवढंच. दहा मिनिटांत बाजूला सहा सातजण काठी मागायला लागले. त्यातल्या एकालाही मी मेंबरशिपबद्दल बोललो नाही आणि तरी पुढच्या आठवड्यात चौघं जिमच्या दारात उभे होते, चपला कुठे काढायच्या विचारत. त्या प्रश्नाकडे लक्ष द्या हं, चपला कुठे काढायच्या. आपल्या काचा, आरसे, म्युझिक, टाइट कपड्यातली पोरं पोरी, हे बघून कित्येक लोक दारातूनच परत जातात, त्यांना वाटतं ही जागा आपली नाही. रिसेप्शनवर बसणाऱ्याला हे समजावून सांगा, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलतो तसं काका, मावशी म्हणून बोलायला सांगा, आणि पहिले दोन आठवडे त्यांना वेगळी बॅच द्या.

आता अधिकाऱ्यांसमोर काय बोलायचं. इथे माझं मत जरा कडक आहे. आपल्याला मोह होतो सांगायचा की साहेब, स्टाफ जिमला आला की रजा कमी होतील, औषधांचा खर्च वाचेल, तुमचे पैसे वसूल. असं सांगू नका. 2019 मध्ये अमेरिकेतले दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले, एक इलिनॉय विद्यापीठाच्या साधारण 5,000 कर्मचाऱ्यांवर आणि एक एका मोठ्या रिटेल कंपनीच्या जवळपास 33,000 कामगारांवर, दोन्हीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली होती, काहींना वेलनेस प्रोग्रॅम, काहींना नाही. लोकांच्या काही सवयी आणि समजुती जरूर सुधारल्या, पण वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यात दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही. इलिनॉयच्या अभ्यासातून अजून एक दिसलं की जे आपणहून प्रोग्रॅमला येतात ते आधीपासूनच बऱ्यापैकी निरोगी असतात. म्हणजे आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना करून दाखवलेले सुंदर ग्राफ हे तिथेच फसतात. सरकारी पैसा लोकांचा असतो, त्यावर खोटं वचन देऊन आपण सही मिळवू शकतो पण वर्षाच्या शेवटी ऑडिटवाला विचारणारच.

मग खरं काय सांगायचं? जे आपल्या हातात आहे ते. किती लोक आले, किती वेळा आले, सहाव्या महिन्यात किती टिकले, बसून कितीजणांना उठता येत नव्हतं आणि आता येतंय. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. त्यातले ते दोन दिवस आम्ही देतो, नीट शिकवून देतो, असं म्हणा. छोटं वाटतं, पण अधिकाऱ्याला ते कागदावर लिहिता येतं आणि तुम्हाला ते पाळता येतं.

पैशाचं गणित पण यावरूनच ठरतं. 2006 चा एक प्रसिद्ध पेपर आहे अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या 7,752 मेंबर्सवर, त्यात दिसलं की महिन्याचा पास घेणारे लोक इतके कमी वेळा यायचे की दहा व्हिजिटचं कार्ड घेतलं असतं तर पडला असता त्याच्यापेक्षा त्यांना एका व्हिजिटमागे 70 टक्क्यांनी जास्त खर्च पडत होता. आपल्या सगळ्यांनाच हे माहितीये, न येणाऱ्या मेंबरच्या पैशावर जिम चालते असं आपल्यात उघड बोललं जातं. पण नगरपालिकेबरोबर हे चालणार नाही आणि चालू पण नये. मी सांगेन की थोडी ठराविक रक्कम घ्या, ट्रेनरचा वेळ राखून ठेवण्याची, आणि बाकीचं प्रत्यक्ष हजेरीवर घ्या. म्हणजे माणूस आला तर पैसे. मग काय होतं, तुम्ही आपोआप फोन करता, अहो मावशी, दोन आठवडे दिसला नाहीत, सगळं ठीक ना. आणि थोडा वाटा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जाईल असं करता आलं तर बघा, युनियनशी बोलून, त्यांच्या पाठीमागून अजिबात नाही. खरं तर युनियनला अधिकाऱ्यांच्या आधी भेटा, कारण स्टाफचा पहिला संशय असतो की हे आमचं वजन मोजून आमच्यावरच वापरणार.

आणि तो संशय रास्त आहे. म्हणून माहितीबद्दल एक ओळ करारात लिहूनच घ्या, संस्थेला फक्त आकडे मिळतील, कोणाचंही नाव, वजन, बीपी, आजार मिळणार नाही. एखाद्या खात्यात पाच सहाच माणसं असतील तर त्या खात्याचा वेगळा आकडा पण देऊ नका, लगेच ओळखू येतं कोण ते. माझ्याकडे एकदा एका ऑफिसातून फोन आला होता की अमुक माणूस कंबरदुखीच्या रजेवर आहे, तो तुमच्याकडे व्यायामाला येतो का. मी सांगितलं नाही. त्यांना राग आला, पण ही गोष्ट कर्मचाऱ्यांमध्ये पसरली आणि त्यानंतर लोक मला आपल्या दुखण्यांबद्दल खरं सांगायला लागले. त्याच्याशिवाय ट्रेनिंग करताच येत नाही, सुरुवातीचा आरोग्याचा फॉर्म नुसता टिकमार्कांनी भरलेला असतो.

खरेदीच्या नियमांवर फार वेळ घेत नाही. बहुतेक ठिकाणी एका मर्यादेपर्यंतची खरेदी दोन तीन कोटेशनवर होते आणि त्यापेक्षा वरच्या खरेदीला टेंडर लागतं, ती मर्यादा तुमच्याकडे किती ते खरेदी विभागात जाऊन विचारा, आणि पहिला पायलट, म्हणजे आधी करून बघायचा छोटा प्रयोग, त्याच्या आत बसेल एवढाच ठेवा, एक खातं, तीन महिने. पण मोठं काम मुद्दाम तुकडे करून मर्यादेखाली बसवू नका, तो सरळसरळ नियमभंग आहे. अधिकाऱ्यांना किंवा निवडून आलेल्या सदस्यांना फुकट मेंबरशिप देऊ नका, कितीही चांगल्या मनाने असली तरी. रजिस्ट्रेशन, टॅक्सचे कागद, विमा, ट्रेनरची सर्टिफिकेटं, सीपीआर, हे सगळं आधीच फाइलला लावून ठेवा कारण तिथे एक कागद कमी असला की महिना जातो. आणि बजेटच्या मागण्या वर्ष संपायच्या बऱ्याच आधी जातात, पायलटचे आकडे त्याआधी टेबलावर पाहिजेत. एकाच साहेबांच्या भरवशावर पण राहू नका, बदली कधीही होते, हेड क्लार्क, युनियनचा माणूस, सुपरवायझर अशा तीन जणांना तरी प्रोग्रॅम माहीत असू दे.

फायर ब्रिगेडबद्दल दोन शब्द, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांवरचा 2007 चा अभ्यास सांगतो की ड्युटीवर होणाऱ्या मृत्यूंपैकी 45 टक्के हृदयविकाराने होतात. आपल्याला वाटतं आगीने, धुराने. तिथे भरतीसाठी सीपॅट नावाची चाचणी असते, 50 पौंडांचं वजनाचं जॅकेट घालून आठ कामं सलग, 10 मिनिटं 20 सेकंदांत, आणि पहिलंच काम जिना मशीनवर तीन मिनिटं, त्यासाठी खांद्यांवर अजून 25 पौंड. तुमच्या इथली चाचणी वेगळी असेल, ती मागवून घ्या आणि भरतीला बसणाऱ्या मुलांसाठी तयारीचा कोर्स काढा. पण खरी गरज चाळिशीच्या पुढच्या जवानाची असते, भरतीनंतर ज्याची वीस वर्षं चाचणीच झालेली नाही. त्याला पहिल्या दिवशी पळवू नका, आधी डॉक्टरांची तपासणी, मग हळूहळू दम वाढवा.

प्रश्न आलाय मागून, की हे सगळं केल्यावर मोठी चेन येऊन कमी रेट भरून टेंडर घेऊन गेली तर? जाऊ शकते. म्हणून पायलटच्या शेवटच्या रिपोर्टमध्येच लिहा की दुपारची बॅच, कामाच्या ठिकाणी जाऊन घेतलेली सत्रं, हजेरीवर पैसे आणि नाव न देता आकडे या गोष्टींमुळे लोक टिकले. त्या संस्थेला पटलं तर पुढच्या टेंडरच्या अटी ठरवताना ते स्वतःच या गोष्टी मागतील. अटी तुम्ही लिहून देऊ नका, तो त्यांचा अधिकार आहे, तुम्ही फक्त उघडपणे अनुभव द्या. आणि मग चेनने त्या अटींवर खरंच दुपारी एकला सफाईवाल्या मावशींसाठी ट्रेनर उभा केला तर मला तरी त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. पुढचा प्रश्न घेऊ.