चॅटबॉटकडे उत्तर नको, आधी प्रश्न मागा

नमस्कार मंडळी! आज चॅटबॉटबद्दल बोलूया, म्हणजे ते चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे. पोरं त्याच्याकडून निबंध लिहून घेतात आणि मोठी माणसं वाढदिवसाच्या शुभेच्छा, पण ते राहू दे बाजूला. डोकं अडकतं तेव्हा, म्हणजे काहीच सुचत नाही किंवा तेच तेच सुचतंय अशा वेळी हे प्रकरण काय कामाचं, एवढंच आज बघायचंय.

ओळखीच्या एक काकू आहेत, घरगुती फराळाचा व्यवसाय करतात, दिवाळीत परदेशातसुद्धा पार्सलं जातात. त्रास एकच, चकल्या फुटतात. लेकीच्या सांगण्यावरून त्यांनी चॅटबॉटला विचारलं, तर त्यानं काय सांगावं, बबल रॅप वापरा, मजबूत खोका घ्या, वर "नाजूक वस्तू" असा स्टिकर लावा. आता हे सगळं त्या आधीपासूनच करत होत्या! काकू म्हणाल्या, एवढं तर आमच्या कुरिअरवाल्यालाही कळतं.

मग लेकीनं त्याला सांगितलं, तू उत्तर देऊ नकोस, आधी आम्हाला एकेक करून प्रश्न विचार. इथून गंमत सुरू झाली. त्यानं विचारलं, चकली कडेला फुटते का मधे? खोक्यातल्या सगळ्याच फुटतात का ठरावीक जागेवरच्या? आडव्या ठेवता का उभ्या? आत मोकळी जागा किती राहते? गिऱ्हाइकाला मोठी चकलीच हवी असते का? काकूंनी परत आलेलं एक पार्सल उघडून नीट बघितलं, तर कोपऱ्यातल्या चकल्यांचा भुगा आणि मधल्या बऱ्यापैकी शाबूत. चौकोनी खोका आणि गोल चकली, कोपऱ्यात पोकळी राहणार आणि गाडीत हादरे बसले की त्या तिथे आपटत राहणार. मग काकूंनाच सुचलं की चकलीच्या मापाचा गोल डबा घ्यायचा, एकावर एक रचायच्या, मधे बटर पेपर आणि वेढा एक कमी. गोल डबा हा शब्द चॅटबॉटनं काढलाच नव्हता बरं का, तो काकूंचा. त्यानं फक्त त्यांना खोक्यात बघायला लावलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या यंत्राकडून उत्तर घेण्यापेक्षा प्रश्न घेण्यात जास्त फायदा आहे, आणि त्याला कारण आहे. हे सगळे चॅटबॉट प्रचंड मजकुरावर शिकलेले असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय येईल त्याचा अंदाज बांधत जातात, त्यामुळे पहिल्या झटक्यात जे येतं ते बहुतेक वेळा सगळीकडे लिहिलेलं, मधल्या वाटेचंच असतं. बहुतेकदा चुकीचं नसतं, पण तुमचंही नसतं.

आता जरा मागे जाऊ. अमेरिकेत अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न नावाचा एक जाहिरातवाला होता, त्यानं ब्रेनस्टॉर्मिंग हा प्रकार रूढ केला. चार माणसं बसवा, येईल ती कल्पना बोला, वेडगळ असली तरी चालेल, त्या वेळी कुणी टीका करायची नाही. ऐकायला झकास. पण 1958 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून बघितलं, तर चार जण एकत्र बसण्यापेक्षा चार जण वेगवेगळे बसून विचार करतात आणि मग याद्या एकत्र करतात तेव्हा जास्त कल्पना निघाल्या! का, तर एक बोलत असला की बाकीच्यांना थांबावं लागतं, तोवर त्यांचं डोक्यातलं उडून जातं, शिवाय लोक काय म्हणतील हे असतंच. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवा, साहेबांनी एक आयडिया टाकली की पुढचा अर्धा तास सगळे तीच कशी ग्रेट आहे ते सांगणार.

चॅटबॉटपुढे ही लाज नसते, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. रात्री अकरा वाजता कितीही खुळचट विचारा, तो हसत नाही, कंटाळत नाही. तीस आयडिया मागा, त्यातल्या पहिल्या दहा सरळ फेकून द्या, मग अटी घाला, खर्च शून्य पाहिजे, वीज वापरायची नाही, पोस्टमन याच्याकडे कसं बघेल, आठ वर्षांचं पोरगं काय करेल. अट घातली की तो नेहमीच्या वाटेवरून जरा बाजूला सरकतो, आणि त्यातली एखादी अर्धवट ओळ वाचून आपल्याला भलतंच काहीतरी सुचतं. पण आपल्या कल्पना आधी कागदावर उतरवायच्या, मगच फोन हातात घ्यायचा. हा क्रम उलटा झाला की संपलं, एकदा त्याची यादी वाचली की आपलं डोकं त्याच रुळावरून धावायला लागतं.

हे मी मनाचं सांगत नाहीये. 2024 मध्ये दोन संशोधकांनी एक प्रयोग छापला. जवळपास 300 लोकांना छोट्या गोष्टी लिहायला लावल्या, त्यातल्या काहींना एआयकडून कल्पना मिळाल्या. वाचणाऱ्यांना एआयच्या मदतीनं लिहिलेल्या गोष्टी एकेकट्या वाचताना जास्त चांगल्या वाटल्या, पण त्या सगळ्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींसारख्या जास्त निघाल्या. सोसायटीच्या गणपतीची थीम सगळ्यांनीच चॅटबॉटला विचारली तर गल्लीत काय दिसेल ते सांगायला नकोच.

आणि हो, तो गोड बोलतो, सांभाळून. तुम्ही काहीही सांगा, वा, फार छान कल्पना! एप्रिल 2025 मध्ये तर चॅटजीपीटीचं एक अपडेट इतकं लाघवी झालं की कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून त्याला स्पष्ट बजावायचं, माझं कौतुक नको, हा प्लॅन कुठे फसेल ते सांग, बँकेचा खडूस मॅनेजर बनून मला प्रश्न विचार. आकडे, कायदे, औषधं यातलं त्यानं काही सांगितलं तर दुसरीकडे पडताळायचंच. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, आधार वगैरे त्यात टाकायचं नाही.

आता एक खेळ देतो. गिलफर्ड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, 1950 सालच्या एका भाषणात त्यांनी सर्जनशीलतेचा अभ्यास करा म्हणून इतर मानसशास्त्रज्ञांना चांगलंच हलवलं. त्यांच्या नावाशी जोडलेली एक चाचणी आहे, साधी वस्तू द्यायची, समजा वीट, आणि तिचे जितके सुचतील तितके उपयोग सांगायचे. दाराला लावायला, कागद उडू नयेत म्हणून ठेवायला, चूल मांडायला, हे कुणालाही सुचतं, चॅटबॉटलाही. पण आपल्याकडे वीट म्हटली की पंढरपूर आठवतं, पुंडलिकानं फेकली आणि विठोबा तिच्यावर उभा राहिला! देवाला थांबवून ठेवायला वीट, हा उपयोग झाला की नाही? तुमच्या गावात, घरात, धंद्यात असलं बरंच काही पडलेलं असतं जे त्याला आपण सांगितल्याशिवाय तो काढत नाही. तर आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या कागदांवर विटेचे उपयोग लिहा, मग चॅटबॉटला विचारा, आणि त्याच्या यादीत असलेलं सगळं आपल्या कागदांवर खोडून टाका. उरलेले कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवतो. नमस्कार.