बोट पास देणाऱ्याकडे

श्रोतेहो, नमस्कार.

५ एप्रिल १९९३. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातलं सुपरडोम. कॉलेज बास्केटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना, आणि घड्याळात उरलेत अकरा सेकंद. नॉर्थ कॅरोलायना ७३, मिशिगन ७१. मिशिगनचा ख्रिस वेबर चेंडू घेऊन धावत आला, पण आपल्याच संघाच्या बाकासमोर, कोपऱ्यात, दोघांनी त्याला कोंडलं. वेबरनं हातांनी खूण केली : टाइमआउट! म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवा; संघाला असे मोजकेच मिळतात. मिशिगनचे टाइमआउट तर संपले होते. नियमाप्रमाणे टेक्निकल फाऊल झाला, नॉर्थ कॅरोलायनाला दोन फ्री थ्रो मिळाले, शिवाय चेंडूही मिळाला. सामना ७७-७१ असा हातातून गेला.

मिशिगन हरल्याचा आनंद अनेकांना झाला. का? तर या मुलांचा माज उतरला म्हणून. १९९१ साली एकदमच कॉलेजात आलेली ही पाच कृष्णवर्णीय पोरं. वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन. लोक त्यांना ‘फॅब फाइव्ह’ म्हणायचे. गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या ढगळ चड्ड्या, काळे मोजे, उंच उडी मारून चेंडू कड्यात कोंबला, म्हणजे ‘डंक’ केला, की आरोळी, आणि समोरच्याला तोंडावर डिवचणं. पहिल्याच वर्षी ती अंतिम सामन्यात पोहोचली, दुसऱ्या वर्षी पुन्हा. देशभरातल्या पोरांनी तसे कपडे घालायला सुरुवात केली आणि जुन्या प्रेक्षकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मिशिगनच्या पत्त्यावर वर्णद्वेषी शिव्यांची पत्रंही येत होती. मोज्यांच्या रंगावरून एवढा राग कुणाला येत नाही. त्या रागाचं मूळ वेगळं होतं, हे विसरून चालणार नाही.

आता त्या दिवशी दुसऱ्या बाकावर कोण बसलं होतं ते सांगतो. डीन स्मिथ. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक, १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं. स्वतः कॅन्सास विद्यापीठाकडून खेळलेले. तो संघ १९५२ साली राष्ट्रीय विजेता ठरला, पण त्यात स्मिथ राखीव खेळाडू होते, बहुतेक वेळ बाकावरच. बाकावरून खेळ कसा दिसतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, त्यांच्या शिस्तीचा उगम तिथेच असावा.

त्यांच्या संघात एक रीत होती. बास्केट झाली की टाकणाऱ्यानं आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. टाळ्या पडतायत त्याच क्षणी. पंगतीत जेवणाऱ्यानं वाढणाऱ्याकडे बघून मान डोलवावी, तसं. दमलेल्या खेळाडूनं मूठ वर करायची, मग त्याला बाहेर घेत, आणि दम परत आला की आत कधी जायचं ते त्यानंच सांगायचं. दमलोय हे हजारो लोकांसमोर कबूल करायला विशीतल्या मुलाला किती जड जात असेल! बाहेर येणाऱ्यासाठी अख्खा बाक उठून उभा राहायचा. चौथ्या वर्षाच्या मुलांचा घरच्या मैदानावर शेवटचा सामना असला की एरवी न खेळणारी मुलंही सुरुवातीच्या पाचांत असायची.

१९८१ साली एक मोठं क्रीडा साप्ताहिक मुखपृष्ठासाठी त्यांच्या संघाचा फोटो काढायला आलं. सुरुवातीला खेळणाऱ्या पाचांतले चारच जण स्मिथ यांनी उभे केले. पाचवा पहिल्या वर्षाचा होता, म्हणून त्याला वगळलं. त्याचं नाव मायकल जॉर्डन.

त्याच हंगामाचा शेवट १९८२ च्या मार्चमध्ये याच सुपरडोममध्ये झाला. समोर जॉर्जटाउन. शेवटच्या काही सेकंदांत जॉर्डननं चेंडू टाकला, ६३-६२. जॉर्जटाउनला अजून संधी होती, पण त्यांच्या फ्रेड ब्राउननं गडबडीत चेंडू थेट प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. खेळ खल्लास. त्यानंतरचं चित्रण जरूर बघा : धिप्पाड प्रशिक्षक जॉन थॉम्पसन त्या पोराला मिठीत घेतात. ज्याच्यामुळे विजेतेपद गेलं, त्याला. सगळ्या देशासमोर.

म्हणून मी वेबरकडे परत येतो. सामना संपल्यावर तो पत्रकारांपुढे बसला आणि आपल्या टाइमआउटमुळे संघ हरला असावा, असं त्यानं स्वतःच सांगितलं. बाकावरूनच कुणीतरी टाइमआउट घ्यायला ओरडल्याची चर्चा आजही होते, पण त्यानं दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नाही. वय वीस. मी त्याला संत ठरवत नाही. पुढे पैशांच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, त्या दोन्ही अंतिम फेऱ्या मिशिगनच्या नोंदीतून पुसल्या गेल्या, आणि त्यात त्याचा दोष होताच. पण त्या संध्याकाळपुरतं बोलायचं तर काळे मोजे घालणारा, छाती काढून चालणारा हा मुलगा मला नम्र वाटतो. आरडाओरडा हा त्याच्या खेळाचा भाग होता. दोष अंगावर घेण्याची वेळ आली तेव्हा तो लपला नाही.

उलट, मान खाली घालून चालणारे, मुलाखतीत ‘सगळं श्रेय संघाचं’ असं पाठ केल्यासारखं म्हणणारे आणि मैदानात मोकळ्या सोबत्याला पास न देणारे खेळाडूही असतात. त्यांना आपण चटकन विनम्र म्हणून टाकतो.

एप्रिल २०२३ मध्ये डॅलसला महिलांचा अंतिम सामना झाला. लुइझियाना स्टेटनं आयोवाला १०२-८५ असं हरवलं. सामना संपत असताना एंजल रीसनं आयोवाच्या केटलिन क्लार्ककडे बघत, डिवचल्यासारखा, तळहात चेहऱ्यासमोर हलवला, मग स्वतःच्या बोटाकडे, विजेत्यांच्या अंगठीच्या जागेकडे, खूण केली. रीसवर टीकेचा भडिमार झाला, उद्धट, असभ्य, काय वाटेल ते. पण हात हलवायची तीच खूण क्लार्कनं त्याच स्पर्धेत काही दिवस आधी केली होती, आणि तेव्हा तिच्या जिगरीचं कौतुक झालं होतं. रीस कृष्णवर्णीय, क्लार्क गोरी. हा भेद मला मनापासून खटकतो.

त्या वादात सर्वांत सरळ बोलली ती हरलेली क्लार्क. रीसवर टीका होण्याचं काहीच कारण नाही, असं तिनं दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगितलं.