दिवसा लाईट

मंडळी नमस्कार, मागे ऐकू येतंय ना? विषय ठरलाय वीज, पर्यावरण आणि आपलं मत. मला बोलायचंय ते खरं तर जुन्नरच्या शेतकऱ्यावर, पण वाटेत एन्रॉन लागतं, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा कोकणातला दाभोळचा वीजप्रकल्प, आणि ते ओलांडल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

१९९५ ची विधानसभा इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही त्या वेळची घोषणा. आमच्या पेठेत पानाच्या टपरीवर लोक युनिटचा हिशोब मांडायचे, अहो टपरीवर! करारानुसार वीज घेतली नाही तरी पैसे का मोजायचे यावर तावातावाने भांडणं व्हायची, चहा गार व्हायचा. सरकार बदललं. कारणं बाकीचीही होती, दंगलींची सावली होती, पण वीज होतीच. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून परत आणला, तोही आधीपेक्षा मोठा. १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ मध्ये महाग पडते म्हणून राज्य वीज मंडळाने ती घेणंच थांबवलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली.

पण मला आजही टोचतं ते वेगळंच. तिकडे प्रकल्पाशेजारी, गुहागर तालुक्यात वेलदूरच्या कोळणी दराबद्दल बोलत नव्हत्या. खाडी बिघडली तर मासळी कुठून आणायची, एवढं साधं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये पोलिसांनी त्या बायांना मारझोड करून पकडून नेलं. आणि आम्ही पुण्यात बसून दर मोजत होतो, मीसुद्धा. खाडीबद्दल टपरीवर एक शब्द निघाला नाही हो. म्हणजे प्रश्न एकच, पण मत पडलं ते बिलावर, कारण मीटर आमच्या घरात आणि खाडी त्यांच्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळतो.

आपल्याकडे पर्यावरणावर मत पडत नाही असं टीव्हीवर म्हणतात ना, मला ते अजिबात पटत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर बघा. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्या राहायला लागला, तिथेच पिल्लं घालायला लागला. आणि शेतीपंपाला लाईट कधी? बरेचदा रात्री. म्हणजे शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात उसात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जाणार. तिथे दिवसा वीज ही मागणी म्हणजेच पर्यावरणाची मागणी आहे, फक्त तिला कुणी तसं नाव देत नाही.

सरकारं काय देतात? फुकट. २००४ ला निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली, २००५ मध्ये बंद. २०२४ ला परत, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत, नोव्हेंबरच्या मतदानाआधी. शेतकऱ्याला ते हवंच आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही, शहरात बसून तर मुळीच नाही. पण माझी मावसबहीण नारायणगावच्या पुढे राहते, तिच्या दारात उमेदवार आले होते. तिने विचारलं, लाईट दिवसा कधी देणार? ते म्हणाले, ताई, बिल माफ केलंय की. ती म्हणाली, बिलाचं नाही विचारलं दादा, आमचे हे रात्री दोनला मोटर चालू करायला जातात, त्यांचं विचारलं.

यावर उत्तर कागदावर आहे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, दुसरा टप्पा २०२३ ला आला, फीडरजवळ, म्हणजे गावच्या पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीजवळ, सोलर लावायचा आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. कुठल्या गावात काम झालं, कुठल्या नाही, हे उमेदवाराला फीडरचं नाव घेऊन विचारा, तुमचं गाव कुठलंही असो. आपल्या इमारतींच्या गच्चीवरच्या सोलरचं राहिलंच, सबसिडीसकट सगळं सांगतो, चहाच्या वेळी गाठा मला.