कपाटाचं प्लाय, खुर्चीची बैठक

(दृश्य: उलटी ठेवलेली खुर्ची, स्क्रू निघतायत)

चार स्क्रू काढले की बैठक हातात येते. वर रेक्झिन, मध्ये फोम, तळाला प्लाय. खचलंय ते हेच. पदर सुटलेत, कडा फुगल्यात. सागवानी चौकटीचे सांधे मात्र अजून घट्ट आहेत. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारातल्या या जेवणाच्या खुर्च्यांना फक्त नवा तळ हवाय. त्यासाठी आठ बाय चारची कोरी शीट कशाला? कपाटांच्या कामातून उरलेले तुकडे भिंतीला टेकून उभे आहेतच.

(दृश्य: तुकड्याची कड, अगदी जवळून)

ही कड नीट बघा. एकावर एक पदर, प्रत्येकाचे रेषे शेजारच्याला आडवे. माणसाचं वजन पेलतं ते यामुळे. एके काळी प्लायचं बरंचसं लाकूड ईशान्येच्या जंगलातून यायचं. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांगमधली जंगलतोड थांबवली, तिथल्या प्लायवुड गिरण्या बंद करायला लावल्या. पुढे हरियाणातलं यमुनानगर या धंद्याचं मोठं केंद्र झालं. तिथल्या प्लायच्या पोटात असतं शेतातलं पॉपलर, नाहीतर निलगिरी. कुणा शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं वाढवलेलं झाड आहे हे. हातभर तुकडा उरला म्हणून ते कचऱ्यात जाता कामा नये.

(दृश्य: मिस्त्री तुकडे वाजवून बघतात)

आवाज खणखणीत आला तर घ्यायचा. बद्द वाजला, म्हणजे आतला पदर सुटलाय, तो बाजूला. जाडी हवी १२ मिलिमीटर. सहा-सहाचे दोन तुकडे असले तर फेव्हिकॉल लावून शिकंज्यात रात्रभर दाबायचे. अठराचा तुकडा मजबूत खरा, पण त्यानं बैठक चौकटीच्या वर येते.

माप जुन्या बैठकीचंच, पुढे रुंद, मागे अरुंद. पण ती फुगलेली असते, म्हणून चौकटीत ठेवून खात्री करायची. चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कमी कापायचं, कारण रेक्झिन कडेवरून खाली वळतं. मग पॉलिश पेपरनं कडा मारायच्या आणि मधोमध चार-पाच भोकं पाडायची. बसल्यावर फोममधली हवा तिथूनच निघते.

(दृश्य: स्टेपल गन, फक्त आवाज)

हेच तुकडे शेकोटीत टाकले, तर धुराबरोबर त्यांच्या ग्लूमधलं फॉर्मल्डिहाइडही नाकात जातं.

बैठका कापूनही पट्ट्या उरतात. त्यांचे त्रिकोणी ठोकळे करून मिस्त्री चौकटीच्या कोपऱ्यांत आतून बसवतात.