युद्ध संपलं, कपात राहिली

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिका आणि युद्ध म्हटलं की आपल्याला पर्ल हार्बर आठवतं, हिरोशिमा आठवतं, विमानवाहू जहाजं आठवतात. आज त्यातलं काहीच सांगणार नाही. मला बोलायचंय पगारातून कापल्या जाणाऱ्या कराबद्दल, आरोग्यविम्याबद्दल आणि घराच्या कर्जाबद्दल. दुसऱ्या महायुद्धानं अमेरिकन माणसाच्या घरात पाय रोवले ते याच कागदांवरून, आणि अजून ते हललेले नाहीत.

कराचंच बघा. 1939 साली अमेरिकेत प्राप्तिकर भरणारे होते जेमतेम 40 लाख. सगळी खात्यापित्या घरची माणसं. गिरणीतला कामगार, शाळामास्तर यांचा प्राप्तिकराशी काही संबंधच नव्हता. युद्धाचा खर्च अंगावर आला आणि 1945 पर्यंत करदाते चार कोटींच्या पुढे गेले. आता एवढ्या लोकांकडून वर्षाचा कर एकदम वसूल कसा करायचा? ज्याची महिनाअखेरीलाच ओढाताण, तो मार्चमध्ये कुठून आणून देणार? मग 1943 च्या कायद्यानं ठरलं की पगार हातात पडायच्या आधीच कर कापून घ्यायचा. आपण ज्याला टीडीएस म्हणतो, तोच प्रकार. ही पद्धत बसवणाऱ्या अर्थखात्यातल्या तरुण मंडळींत मिल्टन फ्रीडमन होते. हो, तेच. सरकारनं लोकांच्या पैशात लुडबुड करू नये, असं पुढे जन्मभर सांगत राहिलेले नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ फ्रीडमन!

लोकांनी कर आनंदानं भरावा म्हणून सरकारनं 1942 मध्ये वॉल्ट डिस्नेकडून एक छोटा चित्रपटही करून घेतला. त्यात डोनाल्ड डक कर भरण्यासाठी स्वतः धावत वॉशिंग्टनला जातो. युद्ध संपलं, डोनाल्ड आपल्या नेहमीच्या उद्योगांना लागला, कपात मात्र राहिली.

विम्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. ऑक्टोबर 1942 मध्ये सरकारनं महागाई रोखायला पगार गोठवले. इकडे तरुण सगळे सैन्यात, कारखान्यांना माणसं मिळेनात. पगार वाढवून माणूस ओढावा, तर त्याला बंदी. पण विम्यासारख्या सवलती या बंदीतून वगळल्या होत्या. मालकांनी तीच फट धरली. पगार वाढवता येत नाही ना, मग तुझा नि तुझ्या बायकामुलांचा दवाखान्याचा खर्च आम्ही बघतो! कॅलिफोर्नियात रिचमंडला हेन्री कायझरच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या हजारो कामगारांसाठी डॉक्टर सिडनी गारफिल्ड यांनी अशीच व्यवस्था उभी केली होती. 1945 मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. ती कायझर परमनेंटे संस्था आजही चालू आहे.

त्याच वर्षी अध्यक्ष ट्रूमन यांनी सगळ्या देशासाठी सरकारी आरोग्यविमा मांडला, पण तो बारगळला. 1954 च्या करकायद्यानं मालकानं दिलेल्या विम्याची करमाफी पक्की केली आणि आजारपणाची नोकरीशी गाठ बसली ती कायमची. न्यू जर्सीत किंवा बे एरियात आयटीत असलेलं कुणी तुमच्या नात्यात असेल, तर त्यांना विचारा. नोकरी गेली की पहिली धास्ती पगाराची नसते. पोरांच्या डॉक्टरचं काय, हा प्रश्न आधी येतो, कारण विमा चालू ठेवायचा तर सगळा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. त्यांच्या या काळजीचं मूळ 1942 सालच्या त्या पगारबंदीत आहे.

आता कर्जाकडे येतो, आणि इथे जरा थांबायला हवं.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना सरकारनं बोनस कबूल केला होता, पण तो मिळणार होता 1945 मध्ये. मंदीत हे लोक उपाशी मरायला लागले, तेव्हा 1932 साली हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला आले आणि झोपड्या घालून बसले. त्यांना हुसकायला लष्कर पाठवलं गेलं. पुढे होते जनरल मॅकआर्थर. झोपड्या पेटल्या. आपल्याच सैनिकांवर चालून जाणारं आपलंच सैन्य राजधानीनं पाहिलं. तो प्रसंग पुढाऱ्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. या वेळी तर दीड कोटीच्या वर माणसं परत यायची होती. म्हणून 22 जून 1944 रोजी, नॉर्मंडीची लढाई चालू असतानाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जीआय बिलावर, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्यावर, सही केली.

या कायद्यानं सैनिकाला शिक्षणासाठी वर्षाला 500 डॉलर्सपर्यंत फी मिळाली. हार्वर्डची फीसुद्धा त्यात भागायची. वर खर्चाला महिन्याला 50 डॉलर्स, संसारी असेल तर 75. हार्वर्डच्या अध्यक्षांनाच या कायद्याची धास्ती वाटली होती, दर्जा घसरेल म्हणून. आले ते लोक वयानं मोठे, लग्न झालेले, आणि वर्गात चांगलेच पुढे! 1947 मध्ये अमेरिकेच्या कॉलेजांतला जवळजवळ निम्मा विद्यार्थी माजी सैनिक होता. लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकी आवारात आणून त्यांत त्यांचे संसार थाटले गेले. शेतमजुराचा मुलगा इंजिनियर होतो, हे अमेरिकेत सर्रास दिसायला लागलं ते तेव्हापासून.

आणि घरं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती. तिथे 1947 मध्ये लेव्हिट कंपनीनं एकसारखी घरं बांधायला घेतली. कारखान्यात मोटार पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या एका घरातून दुसऱ्या घरात सरकत. एक टोळी फक्त फरशी टाकणार, दुसरी फक्त रंग लावणार. जोर होता तेव्हा दिवसाला तीस घरं उभी राहत. याच जीआय बिलामुळे कर्जाला सरकारची हमी होती, त्यामुळे सैनिकाला हातातले पैसे जवळजवळ घालावेच लागत नसत. तिथे सतरा हजारांवर घरं झाली. हिरवळ, गाडी, दोन मुलं, हे अमेरिकेचं चित्र आपण सिनेमात पाहिलंय ना, ते इथलंच.

पण लेव्हिटटाऊनच्या सुरुवातीच्या करारात एक कलम होतं. गोऱ्यांखेरीज कुणाला या घरात राहता येणार नाही. घरकामाला ठेवलेली माणसं चालतील! मला त्या कलमापेक्षा ही सवलत जास्त बोचते.

जीआय बिलात रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण कायदा वॉशिंग्टनचा आणि अर्ज बघणार गावातली बँक. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांची 1947 ची पाहणी आहे. हमीची 3,229 कर्जं मंजूर झाली होती. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळाली दोन.

याच काळातली आयझॅक वुडर्डची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तिच्यात रेडिओ आहे. वुडर्ड काळा सार्जंट. पॅसिफिकच्या आघाडीवरून परतला, 12 फेब्रुवारी 1946 ला जॉर्जियात सैन्यातून मोकळा झाला आणि अंगावरच्या गणवेशातच बसनं घरी निघाला. वाटेत लघवीला जाऊ द्या म्हणाला, यावरून ड्रायव्हरशी खटका उडाला. साउथ कॅरोलायनात बॅट्सबर्गला ड्रायव्हरनं पोलीस बोलावले. तिथल्या पोलीसप्रमुखानं त्याला इतकं झोडपलं की त्याचे दोन्ही डोळे गेले.

त्या उन्हाळ्यात नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमात वुडर्डचं शपथपत्र वाचून दाखवलं. मारणाऱ्याचं नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वेल्स मायक्रोफोनवरून त्याला बजावत राहिले, मी तुला शोधून काढणार. सुरुवातीला गावाचं नाव चुकलं, एकेन म्हटलं गेलं. ते गाव खवळलं आणि तिथे वेल्स यांचे चित्रपट बंद पडले. तरी आठवड्यामागून आठवडे ते बोलत राहिले. अखेर माणूस सापडला, खटला झाला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं अर्ध्या तासाच्या आत त्याला निर्दोष सोडलं.

न्यायाधीश होते वेटीज वेअरिंग, चार्ल्स्टनच्या जुन्या घरंदाज कुटुंबातले. त्या दिवसानं ते हादरले. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा म्हणजेच विषमता, असं त्यांनी 1951 च्या एका खटल्यात आपल्या मतभेदाच्या निकालपत्रात लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाला तिथवर यायला 1954 उजाडलं. वुडर्डची हकिगत ऐकून ट्रूमनही अस्वस्थ झाले होते. 26 जुलै 1948 च्या आदेशानं त्यांनी सैन्यातला रंगभेद संपवायला घेतला.

1946 च्याच जुलैत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणं नेलंय, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, आम्हीही तसंच करावं असं मनात आहे, असा त्याचा आशय. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना हा देश नवा नव्हता. महायुद्धानं लोकशाहीची एवढी भाषा करून ठेवली होती की आता तिचा हिशेब मागायला दोन्हीकडची माणसं उभी राहिली होती.

नंतरच्या व्हिएतनाम युद्धाचाही असाच कागद मागे राहिला, त्याबद्दल थोडक्यात. लढायला अठरावं वर्ष पुरतं, मग मत द्यायला एकवीस कशाला, हा मुलांचा सवाल 1971 च्या घटनादुरुस्तीनं मान्य केला. 1973 मध्ये सक्तीची भरती थांबली. तेव्हापासून अमेरिकेची युद्धं पगारी स्वयंसेवक लढतात आणि बाकीच्या घरांना ती बातम्यांतूनच कळतात. पण भरतीची यादी फाडलेली नाही. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर 1980 मध्ये कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलाचं नाव त्या यादीत असलंच पाहिजे, असा कायदा आहे. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी घरातला मुलगाही त्यातून सुटत नाही.

नमस्कार.