मागच्या डिफरेन्शियलमध्ये सिंथेटिक ऑइल भरावे की मिनरल?

नमस्कार. मागच्या डिफरेन्शियलसाठी, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना देणाऱ्या आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचासाठी, सिंथेटिक गिअर ऑइल घ्यावे की नेहमीचे मिनरल, हे ठरवण्याआधी हाउसिंगच्या आत काय चालते ते पाहू.

हा पिनियन पाहा, म्हणजे क्राऊन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला फिरवणारे लहान दातेरी चाक. हायपॉइड रचनेत त्याचा अक्ष क्राऊन व्हीलच्या मध्यातून जात नाही, तो थोडा बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. या घर्षणात तेलाचा थर तुटू लागतो, आणि अशा वेळी दातांना वाचवतात ती तेलात मिसळलेली गंधक व फॉस्फरसची संयुगे, जी धातूवर स्वतःचा पातळ संरक्षक थर तयार करतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास मुख्यतः गंधकाचाच. हायपॉइड दातांना पुरेल इतके हे संरक्षण आहे, याची डब्यावरची खूण म्हणजे ‘जीएल-५’, आणि ती मिनरल ऑइलवरही असते. केवळ ‘सिंथेटिक’ हा शब्द वाचून जीएल-४ या कमी संरक्षणाच्या दर्जाचे तेल येथे कृपया भरू नका.

खरा फरक मूळ तेलात आहे. मिनरल तेलातील मेण थंडीत गोठू लागते आणि तेल घट्ट होते. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणानुसार ८०डब्ल्यू तेलाची चिकटता उणे २६ अंश सेल्सिअसला १,५०,००० सेंटिपॉइजच्या (चिकटतेचे एकक) आत असावी लागते, तर ७५डब्ल्यू तेलाला हीच मर्यादा उणे ४० अंशांना पाळावी लागते, आणि ते मुख्यतः सिंथेटिक तेलालाच साधते. १०० अंशांवर मात्र ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० यांची चिकटता एकाच पट्ट्यात येते. त्याहून अधिक तापल्यावर सिंथेटिक पुन्हा पुढे जाते, कारण ते कमी पातळ होते आणि त्याचे ऑक्सिडेशनही सावकाश होते.

म्हणून जड ट्रेलर ओढणाऱ्या, लांब चढ चढणाऱ्या किंवा कडाक्याच्या थंडीत सुरू होणाऱ्या गाडीसाठी मी निःसंकोचपणे सिंथेटिक सुचवेन. सौम्य हवामानात हलक्या भाराने चालणाऱ्या गाडीला, उत्पादकाने परवानगी दिली असेल तर, वेळेवर बदललेले मिनरल ऑइल पुरते. वारंवार पाण्यातून जाणाऱ्या गाडीबाबतही माझे मत तेच आहे, कारण ब्रीदरमधून (हाउसिंगमधील हवेच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी शिरून तेल दुधाळ झाले, की ते कितीही महाग असले तरी काढूनच टाकावे लागते. शिवाय डिफरेन्शियलला सहसा फिल्टर नसतो. झिजलेल्या धातूची भुकटी चुंबकाला चिकटेल तेवढी चिकटते, उरलेली तेलातच फिरत राहते, त्यामुळे सिंथेटिक भरले म्हणून बदलण्याची मुदत मनाने वाढवणे मला मान्य नाही.

लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे एकच चाक घसरून मोकळे फिरण्याला आळा घालणाऱ्या प्रकारात, क्लच प्लेट असतील तर फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटमधील घर्षण योग्य ठेवणारे मिश्रण) लागतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा. तो लागत असताना नसला, तर वळणावर मागून थरथर जाणवते.

आता तेल बदलू. आधी वरचा फिलर प्लग सैल करून पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. तेल काढून झाल्यावर वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येणार नाही.