सिल्व्हर क्रीकवरचं मळभ

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, पिकाबो गावाजवळचा हा ओढा, सिल्व्हर क्रीक. जमिनीत मुरलेलं पाणी इथं झऱ्यांतून वर येतं आणि सपाट माळावरून संथ वाहत जातं. झऱ्याच्या तोंडाशी ते वर्षभर साधारण 10 अंश सेल्सिअस असतं. त्यामुळे ऑक्टोबरात काठचं गवत पिवळं पडलं, पहाटे दहिवर गोठलं, तरी ओढ्यातल्या ट्राउट माशांचं खाणं चालूच राहतं.

फ्लाय फिशिंगला, म्हणजे कीटकासारखी नकली माशी टाकून मासे धरायला, येणारी माणसं या दिवसांत मळभाची वाट पाहतात. ढगाळ, भुरभुर पावसाच्या दुपारी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह नावाचे मेफ्लाय कीटक पाण्यातून वर येतात. दमट गार हवेत त्यांना उडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते पाण्यावर तरंगत राहतात. ट्राउट एका जागी ठाण मांडतो, जेमतेम नाक वर काढतो आणि एकेक टिपत राहतो.

कीटक 5-6 मिलिमीटरचा. मग गळावर पिसं आणि धागा गुंडाळून बांधलेली माशीही तेवढीच, आणि तिला धरणारा दोरा 0.13 मिलिमीटरच्या आसपास. माशी हुबेहूब बांधता येते हो, ती वाहवणं अवघड! पाण्याखाली वनस्पतींचे दाट झुबके आहेत. त्यांच्यामुळे हातभर अंतरातही प्रवाहाचा वेग बदलतो. दोर जरा ओढला गेला की माशी किंचित घसरते, आणि या नितळ पाण्यातला मासा ती सोडून देतो. म्हणून जाणकार प्रवाहात माशापेक्षा वरच्या बाजूला उभे राहतात आणि माशी प्रवाहाबरोबर खाली सोडतात. आधी माशी पोचते, दोर मागून येतो. या मासेमारीतलं सर्वांत देखणं कसब मला हेच वाटतं.

1976 पासून द नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था इथला परिसर राखते आहे. तिच्या हद्दीत पकडलेला मासा पाण्यात परत सोडावाच लागतो. पण शरदात एवढ्यानं भागत नाही, कारण ब्राउन ट्राउटची वीण याच दिवसांत. मादी आडवी होऊन शेपटीनं खडी उकरते, अंडी घालते, वर पुन्हा खडी लोटते. उकरलेली जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. खडीतून खेळणाऱ्या पाण्यावर ती अंडी हिवाळाभर जगतात. ओढ्यात उतरलेल्या माणसाचं एक पाऊल त्यांना चिरडायला पुरेसं आहे. विणीला आलेल्या जोडीवर गळ टाकू नयेच. तिथं दोर गुंडाळावा आणि काठाकाठानं पुढचं वळण गाठावं. रेनबो ट्राउट वसंतात वितो, आत्ता तो नुसता खाण्यात गुंतलेला असतो. माशी टाकायची ती त्याच्यासाठी.